मधल्या घराचा हिशोब



२००२ च्या सर्व्हेचे लोक परत पाड्यापाड्यांत फिरायला लागले होते. हातात छापील फॉर्म, त्यात १३ प्रश्न, दर प्रश्नाला ० ते ४ गुण, सगळे मिळून ५२. ज्या घराला गुण कमी ते घर दारिद्र्यरेषेखाली, ज्याला जास्त ते रेषेच्या वर. शाळेत जास्त गुण मिळाले की पोर पास होतं. इथे जास्त गुण मिळाले की घर नापास होत होतं. नाव यादीतून गेलं की घरकुल गेलं, योजना गेल्या, पिवळ्या कार्डाचाही भरवसा नव्हता.

दुसरीकडून फॉरेस्टवाले होते. ३ मे २००२ ला दिल्लीच्या वन मंत्रालयाने सगळ्या राज्यांना पत्र काढलं की जंगलातली अतिक्रमणं ३० सप्टेंबरच्या आत हटवा. ती तारीख गेली, पण प्लॉटवरची भीती गेली नाही. नागली, वरई उभी असताना लोक रात्री प्लॉटवर झोपले.

एक सर्व्हे गरिबीचा, एक हुकूम जंगलाचा. दोन्ही वेगळे वाटतात. पण दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : आपल्या घरात वर्षाला किती येतं, आणि ते मोजतो कोण? या वेळी त्यावरच लिहायचं ठरवलं. आकडे आहेत, म्हणून कंटाळू नका. ज्याला वाचता येतं त्याने बाकीच्यांना बसवून वाचून दाखवा, आणि नऊ घरांचा हिशोब येईल तिथे जमिनीवर खडे मांडून दाखवा.

सरकार कसं मोजतं

ज्याला दाखला काढायला तालुक्याला जावं लागलं त्याला हे माहीत आहे. उत्पन्नाच्या दाखल्यावर तलाठी आकडा टाकतो. घरात येऊन कणगी बघत नाही, भट्टीवर किती हजार विटा पाडल्या ते विचारत नाही. कामाला जेवढा आकडा लागतो तेवढा टाकतो. एका पाड्यातल्या वीस घरांना एकच आकडा. हा हिशोब नाही, हा शिक्का आहे.

मग दारिद्र्यरेषेच्या याद्या. आधी एकात्मिक ग्रामीण विकासच्या कर्जाच्या वेळी ६,४०० रुपयांची रेषा होती. १९९२ च्या यादीला ११,००० झाली. १९९७ ला म्हणाले, ज्याचं वर्षाचं उत्पन्न २०,००० च्या वर त्याला बाहेर काढा. ज्याची जमीन २ हेक्टरच्या वर त्यालाही बाहेर. घरात छताचा पंखा असला तरी बाहेर. आपल्याकडे २ हेक्टर म्हणजे काय? डोंगराच्या उतारावरची वरकस. एक साल नागली, एक साल वरई, मग जमीन दोन-तीन साल पडीक टाकायची. त्या पाच एकरांत घाटावरच्या बागायतीच्या एका एकराएवढं पण निघत नाही. पण कागदाला उतार दिसत नाही, हेक्टर दिसतो.

मग २००२ च्या फॉर्मात तर गुण देणाऱ्या १३ प्रश्नांत रुपयातलं उत्पन्नच नव्हतं. जमीन आहे, घर आहे, कपडे किती, जेवण किती वेळा, कर्ज कुणाचं, शिक्षण किती, कामासाठी बाहेर का जाता, असं विचारलं. यातले काही गुण नीट बघा. घरातल्या एका पोराने दहावी पास केली की गुण वाढले. दहावी झालेला पोरगा भट्टीवर माती तुडवत असला तरी वाढले. जो पोटासाठी स्थलांतर करतो त्याला ० किंवा १. जो जात नाही त्याला ३. म्हातारी एकटी आहे, तिला चालवत नाही, म्हणून ती भट्टीवर जात नाही. तर त्या एका प्रश्नापुरती ती श्रीमंत!

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. किती घरं गरीब ठरवायची तो आकडा सर्व्हेच्या आधीच दिल्लीत ठरला होता. नियोजन आयोगाने १९९९-२००० सालचा गरिबांचा अंदाज काढला, त्यात राज्याने बसायचं. फार तर दहा टक्क्यांची सूट. म्हणजे आधी टोपी शिवली, मग डोकी तासायला निघाले.

सरासरी नावाची फसवणूक

तेव्हाचा आपला ठाणे जिल्हा सरकारी पुस्तकात माणशी उत्पन्नाच्या बाबतीत राज्यातल्या वरच्या जिल्ह्यांत बसत होता. का नाही बसणार? ठाणे, कल्याण, नवी मुंबई, तारापूरचे कारखाने, सगळं तेव्हा याच जिल्ह्यात होतं. ते सगळं एका टोपल्यात टाकायचं, त्यातच जव्हार-मोखाडा टाकायचा, आणि माणसांनी भागायचं. याच श्रीमंत जिल्ह्यात, जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत १९९२ साली पोरं कुपोषणाने मेली. सरासरीत ती पोरं कुठेच दिसली नाहीत.

ही चूक नवी नाही. दादाभाई नौरोजींनी पहिल्यांदा हिंदुस्थानचं माणशी उत्पन्न काढलं. १८६७-६८ सालचा त्यांचा आकडा वर्षाला २० रुपये. तुरुंगातल्या कैद्याच्या खाण्या-कपड्यावर सरकार किती खर्च करतं ते त्यांनी त्याच्या शेजारी ठेवलं आणि दाखवलं की मोकळ्या माणसाला कैद्याएवढं पण मिळत नाही. आणि त्यांनी हेही सांगितलं की ही सरासरी आहे, वरच्या लोकांचा वाटा यातूनच जातो, गरिबाच्या हातात त्याहून कमी येतं. दादाभाईंना जे कळलं ते आजच्या कचेरीला कळत नाही असं नाही. कळून घ्यायचं नाही.

आता खडे मांडा. समजा एका पाड्यात नऊ घरं आहेत. वर्षाचं उत्पन्न असं :

सात हजार, आठ हजार, नऊ हजार, दहा हजार, अकरा हजार, बारा हजार, चौदा हजार, सोळा हजार. आणि नववं घर मास्तरांचं, पगार धरून एक लाख दोन हजार.

सगळं मिळून १,८९,०००. नवाने भागलं तर सरासरी २१,०००. म्हणजे १९९७ च्या २०,००० च्या रेषेच्या वर! पाडा सुखी झाला. पण खडे बघा. नवापैकी आठ घरं सोळा हजारांच्या वर जात नाहीत. २१,००० वालं घर त्या पाड्यात एकही नाही.

मग खरं काय? नऊ घरं लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने उभी करा आणि मधलं घर बघा. चार घरं त्याच्या खाली, चार त्याच्या वर. इथे पाचवं घर, अकरा हजार. हे पाड्याचं खरं तोंड. शाळेच्या पुस्तकात याला मध्यक म्हणतात. आपण मधलं घर म्हणू. मास्तरांचा पगार दुप्पट झाला तरी मधलं घर हलत नाही. ते हलतं मधल्या घरांचं बरं-वाईट झालं तर.

प्लॉट गेला तर कागदावर काय होतं

आता हाच पाडा पुढच्या साली बघा. मास्तरांचा पगार वर्षाला १८,००० ने वाढला, एक लाख वीस हजार झाला. त्यांना वाढो, ते आपल्याच पोरांना शिकवतात. पण त्याच साली फॉरेस्टने तीन घरांचे प्लॉट काढले : दहा हजारवालं, अकरा हजारवालं आणि बारा हजारवालं. प्लॉटवर प्रत्येकाला नागली, वरई, उडीद, खुरासणी मिळून तीन हजारांचं निघत होतं असं धरू. आता ती घरं सात, आठ आणि नऊ हजारांवर आली.

एकूण बेरीज काढा : १,९८,०००. सरासरी २२,०००. गेल्या सालापेक्षा एक हजाराने जास्त! कचेरीत लिहितील, पाड्याची प्रगती झाली. आता परत ओळ लावा : सात, सात, आठ, आठ, नऊ, नऊ, चौदा, सोळा आणि मास्तर. पाचवं घर नऊ हजार. मधलं घर अकरावरून नऊवर आलं. सरासरी चढली, पाडा उतरला.

आणि खरं तर याहून वाईट आहे. आपण प्लॉटचे तीन हजार धरले. सरकार तेही धरत नव्हतं. प्लॉट सात-बारावर नव्हता, म्हणून त्याचं पीक घराच्या नावावर सरकारी हिशोबात चढत नव्हतं. मोहाची फुलं, डिंक, टेंभुर्णीची पानं, शेवळं, अळंबी, खेकडे, मोळी, घरावर घातलेलं गवत, हेही घराच्या नावावर चढत नव्हतं. जे उत्पन्न कागदावर कधी चढलंच नाही, ते गेलं तरी कागदावर कमी होत नाही. म्हणून वनखात्याच्या हुकमात लिहिलेलं असतं की एवढं जंगल मोकळं झालं. किती घरांची किती महिन्यांची भाकर गेली ते लिहिलेलं नसतं. लबाडी तर आहेच, पण ते लिहायला आकडा पण कुणाकडे नसतो. तो आकडा आपल्याकडे पाहिजे.

रुपया वाढला म्हणजे घर वाढलं का

तेव्हा काही लोक म्हणत, बापाच्या काळात वर्षाला दोन-तीन हजार बघितले नव्हते, आता दहा-बारा हजार येतात, मग रडता कशाला? याला उत्तर सरकारच्याच आकड्यात होतं.

नियोजन आयोगाची खेड्यातली दारिद्र्यरेषा १९७३-७४ साली माणशी महिन्याला ४९.०९ रुपये होती. १९९९-२००० साली तीच रेषा ३२७.५६ रुपये झाली. पाच माणसांच्या घराला वर्षाचे काढा : १९७३-७४ ला सुमारे २,९४५ रुपये, १९९९-२००० ला सुमारे १९,६५४. याचा अर्थ, १९७३-७४ ला जो जिथे उभा होता तिथेच नुसतं उभं राहायला १९९९-२००० साली साडेसहा पटीहून जास्त रुपये लागत होते. बापाचे अडीच हजार १९९९-२००० साली सोळा हजारांच्या वर धरावे लागले असते. ज्याच्या घरात त्या साली बारा हजार येत होते तो बापाच्या पुढे गेला नाही, मागे आला.

म्हणून दोन सालांचे रुपये समोरासमोर ठेवू नका. त्या सालच्या बाजारात त्या रुपयांचे किती किलो तांदूळ आले ते ठेवा. आपल्या आज्या-पणज्यांना हे कळत होतं. १९४५ साली वारल्यांनी गवताच्या कापणीचा संप केला तेव्हा मागणी नुसती 'मजुरी वाढवा' अशी नव्हती. पाचशे रतल गवताला अडीच रुपये, असं वजनाशी बांधलेलं बोलणं होतं. त्याच महिन्यात तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड पडला. बहुतेकांना अक्षर येत नव्हतं, पण हिशोब येत होता.

कुलूप लावलेली घरं

सर्व्हेवाला कधी येतो? दिवाळीनंतर, रस्ता सुकला की. तेव्हा निम्मा पाडा भट्टीवर, रेतीवर, बांधकामावर गेलेला असतो. दाराला कुलूप किंवा नुसती काटेरी फांदी. फॉर्मात लिहितात 'घर बंद'. कुणाची घरं बंद असतात? ज्याची कणगी आधी संपली त्याची. म्हणजे सगळ्यात गरीब घरंच मोजणीतून सुटतात.

आपल्या नऊ खड्यांतून सात हजार आणि आठ हजारवाली घरं उचला. ती भट्टीवर गेली. राहिली सात. मधलं घर आता चौथं, बारा हजार. कुणाचं काही वाढलं नाही, दोन घरं दिसली नाहीत एवढंच, आणि पाडा एक हजाराने वर गेला.

दिल्लीची नमुना पाहणी पण असते. १९५० पासून चालते. तेव्हा ते काही गावांतली थोडी घरं घेत आणि उत्पन्न नाही, खर्च विचारत. देशासाठी, राज्यासाठी ते चालत होतं. पण एका तालुक्याचं मधलं घर काढायला त्यातली घरं पुरत नव्हती. म्हणजे जव्हारचं, मोखाड्याचं, तलासरीचं मधलं घर काय खातं ते सांगणारा आकडा त्यातून मिळत नव्हता. तो आपणच काढायचा.

आपली वही

म्हणून संघटनेचं म्हणणं असं आहे की दर पाड्याने एक वही घालावी.

एक. पाड्यातली सगळी घरं लिहा. बंद घर पण लिहा, त्याची ओळ कोरी ठेवा, माणसं पावसाआधी परत आली की भरा. गाव मोठं असलं तर यादी करून दर पाचवं घर घ्या. आपल्या ओळखीचं, आपल्या बाजूचं घर निवडू नका. कार्यकर्त्याच्या ओट्यावर बसून भरलेली वही कामाची नाही.

दोन. साल एकदम विचारू नका, कुणाला आठवत नाही. हंगाम धरून विचारा. भातकापणीनंतर : भात, नागली, वरई किती मण, विकलं किती, खायला ठेवलं किती. होळीला : रोजगार हमीवर किती दिवस, मस्टरवर किती, हातात किती. पावसाआधी : भट्टीचा हिशोब, जंगलातलं काय काय. बायांना वेगळं विचारा. मोळी, मोह, भाजी आणि घरातली उधारी बायांना माहीत असते, बाप्यांना नाही.

तीन. खायला ठेवलेलं धान्य हे उत्पन्नच आहे. कापणीच्या वेळी जवळच्या बाजारात जो भाव असेल तो लावा, आणि दर साली तसाच लावा. प्लॉटचं पीक वेगळ्या रकान्यात, जंगलातलं वेगळ्या रकान्यात. हे दोन रकाने म्हणजे या वहीचा जीव.

चार. उचल हे उत्पन्न नाही. भट्टीवाल्याने श्रावणात दोन हजार बयाणा दिला, तो कर्ज आहे. शेवटी विटांच्या हिशोबातून उचल आणि आठवड्याची खर्ची कापून हातात काय आलं ते बघा. उचल आणि खर्ची ज्या कामातून फिटली ते काम मात्र धरा. पालेमोड घेऊन कमी भावात पीक दिलं असेल तर मिळालेलाच भाव लिहा. बियाणं आणि व्याज वजा करा.

पाच. घरात तोंडं किती ते लिहा. तीन माणसांचे दहा हजार आणि नऊ माणसांचे दहा हजार एक नाहीत. ओळ दोनदा लावा, एकदा घरवार, एकदा माणशी.

सहा. पुढच्या साली तीच घरं घ्या. एक घर फुटून दोन झाली तर दोन्ही लिहा. दर साली मधलं घर काढा, रुपयांत आणि तांदळाच्या किलोत. आणि एक साधा प्रश्न सगळ्यांना : घरचं धान्य कुठल्या महिन्यापर्यंत पुरलं?

भीती आणि खरं बोलणं

आता अवघड गोष्ट. बैठकीत एका मावशीने विचारलं, खरं लिहिलं आणि माझं पिवळं कार्ड गेलं तर? प्रश्न बरोबर आहे. पिवळ्या कार्डाला वर्षाच्या १५,००० ची मर्यादा होती, आणि पाच माणसांच्या घराला जगायला सरकारचीच १९९९-२००० ची रेषा १९,६५४ मागत होती. म्हणजे सरकारच्या हिशोबाने जो पुरतं खात नव्हता, तोही सरकारच्याच हिशोबाने कार्डाच्या वर होता. अशा कायद्यापुढे माणूस आकडा लपवतो. आपण सगळ्यांनी लपवला आहे. त्याची लाज नको.

पण आपल्या वहीत लपवलं तर आपणच आपल्याला फसवू. म्हणून वहीत नाव नाही, घराला नंबर. नंबर कुणाचा ते पाड्यातली दोन माणसं जाणतील, त्यात एक बाई. वही पाड्याबाहेर जाणार नाही. तालुक्याला, वर्तमानपत्राला जाईल तो मधल्या घराचा आकडा आणि प्लॉटचा रकाना. आणि फुगवून किंवा दाबून लिहू नका. एक खोटा आकडा सापडला की ते सगळी वही फेकून देतील.

१९९६ चा पेसा कायदा सांगतो की गरिबी हटावच्या योजनांचे लाभार्थी ठरवायचं काम ग्रामसभेचं. नुसतं ऐकून घ्यायचं नाही, ठरवायचं. पण ग्रामसभेत हात वर करून 'आम्ही गरीब' म्हटलं की साहेब हसतो आणि फॉर्म दाखवतो. पुढच्या ग्रामसभेत साहेबाच्या फॉर्मासमोर आपली वही ठेवा. म्हणा, तुमच्या कागदावर या घराला अमुक गुण आहेत, आमच्या वहीत त्याचं धान्य पौष महिन्यात संपलं. आता सांगा, खोटं कोण?

आणि प्लॉट मोजायला फॉरेस्टवाले येतील तेव्हा म्हणा, तुम्ही हेक्टर मोजा, आम्ही महिने मोजले आहेत. या प्लॉटाने मधल्या घराला वर्षातले इतके महिने खायला घातलं. हे महिने काढून घेणार असाल तर त्याच्या जागी काय देणार ते आधी कागदावर लिहा.

होळीला लोक परत येतील. त्या चार दिवसांत पहिली ओळ लावा. वही, पेन्सिल संघटना देईल. बसायला ओटा आणि खरं बोलायला तोंड आपलं.

जिंदाबाद.